अरणगावच्या टेकडीवर ऐकलेला डफ

पुण्याचा मनुष्य नगरास जातो तो बहुधा लग्नकार्यास, कोर्टाच्या तारखेस, नाही तर शिर्डीच्या वाटेवर चहा घेण्यापुरता. नगर पाहावयास म्हणून मुद्दाम कोणी निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही सत्तरी ओलांडेपर्यंत त्या गावाकडे पाहुण्याच्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. गेल्या जानेवारीच्या अखेरीस तो योग आला, आणि तोही एका बारा वर्षांच्या मुलीच्या हट्टामुळे.

ही मुलगी म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींची नात. आमचा पुतण्या वीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त कॅनडात गेला व टोरोंटो येथे स्थायिक झाला. मुलीचा जन्म तिकडचाच. मराठी समजते, बोलते मोजके. टोरोंटोत इराणी लोकांची मोठी वस्ती आहे. शेजारच्या एका इराणी मैत्रिणीच्या संगतीने ही पोर दर शनिवारी डफ वाजवावयास शिकू लागली. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने आमच्या दिवाणखान्यातील ताटावर, सुपावर, अगदी रांगोळीच्या डब्यावरही ठेके धरून दाखविले. तिच्या शिक्षकांनी तिला सांगून ठेवले होते की, भारतात तुझ्या गावाजवळ अशी एक जागा आहे जेथे इराणातून व जगभरातून लोक येतात व रात्र-रात्र गातात. ती जागा म्हणजे नगरपासून दौंड रस्त्यावर अवघ्या काही मैलांवरचे अरणगाव, अर्थात मेहेराबाद. मग काय, 30 जानेवारीस पहाटे आमची स्वारी निघाली. बरोबर पुतण्या, नात आणि एक्याऐंशी वर्षांच्या वहिनी. वहिनींचे माहेर शेवगावकडचे, त्यामुळे नगर म्हणताच त्यांनी पिशवी भरली. कारण विचारले नाही.

शिरूर मागे टाकले की पुणे जिल्हा संपतो व मुलूख एकदम उघडा होतो. दोहो बाजूंस रब्बीची ज्वारी कणसे धरून उभी, मधूनमधून कांद्याचे वाफे, आणि पलीकडे उघडीबोडकी टेकाडे. सुपे गेले, कामरगावचा घाट उतरलो, आणि नगर आले. 2024 सालापासून सरकारदरबारी या गावाचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली याच जिल्ह्यातील चौंडी येथे झाला, म्हणून. वहिनींच्या तोंडी मात्र 'नगर' तेवढेच बसलेले. नातीने दोन्ही नावे वहीत लिहून घेतली.

प्रथम किल्ला पाहिला. हा भुईकोट सैन्याच्या ताब्यात असल्याने ओळखपत्रे दाखवून आत जावे लागते. खंदक रुंद, तट वाटोळा, आणि आत कमालीची शांतता. 1942 च्या ऑगस्टात येथे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद आणून कोंडले होते. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरूंनी येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले हे शाळेतील पोरही सांगेल. मौलानांनी येथे काय लिहिले हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. पहाटे उठून, स्वतःच्या हातांनी चहा करून, ते एका स्नेह्यास पत्रे लिहीत. ती पत्रे धाडण्याची सोय नव्हती, तरी लिहीत. तीच पुढे 1946 साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पानोपानी फारसी कवींची वचने, कोठडीतल्या चिमण्यांच्या गोष्टी, आणि अखेरीस एक लांबलचक पत्र चक्क संगीतावर. तरुणपणी आपण सतार कशी शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालापाशी जाऊन ती कशी वाजवीत बसलो, हे त्या धर्मशास्त्र्याने कैदेत बसून आठवून आठवून लिहिले आहे. 1943 च्या एप्रिलात त्यांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. मौलाना तेव्हा याच तटाच्या आत होते. अंत्यदर्शन झाले नाही. ज्या मनुष्याजवळ वाद्य नाही, श्रोता नाही, घर नाही, त्याजवळही आठवणीतले सूर उरतात, हे नगरच्या किल्ल्याने आम्हांस प्रथम सांगितले.

नातीने विचारले, "काकाआजोबा, सतार इंडियन ना? मग पर्शियन कवी कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यावयाचे तर नगरचा जुना इतिहास उघडावा लागतो. येथल्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मणाचा मुलगा, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. अहमदाने 1490 साली बहामनी सत्तेपासून फुटून स्वतःचे राज्य मांडले व पुढे सीना नदीकाठी हे शहर वसविले. त्याची कबर असलेला बागरोझा आम्ही दुपारी पाहिला. काळ्या दगडातील ती घुमटी पाहून वहिनी म्हणाल्या, "पाथरीचा कुलकर्णी कुठल्या कुठे येऊन निजला पाहा." या राजघराण्याच्या पदरी इराणातून पुष्कळ मंडळी येत. शाह ताहीर नावाचा विद्वान इराणच्या शहाचा कोप झाल्याने देशोधडीस लागून येथे आला. त्याच्या वजनाने बुऱ्हाण निजामशहाने 1537 च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. स्वतः फिरिश्ता इराणातील अस्तराबादेचा. लहानपणी बापाबरोबर नगरास आला, कारण बाप राजपुत्राचा फारसीचा शिक्षक झाला होता. झुहूरी हा इराणी कवी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयास राहिला व त्याच्या नावे त्याने 'साकीनामा' रचला. तोच पुढे विजापुरास गेला आणि इब्राहिम आदिलशहाने रागदारीतील पदांचा 'किताब-ए-नवरस' केला तेव्हा त्यास फारसीत प्रस्तावना याच झुहूरीने लिहिली. इराणी मनुष्याने दख्खनी गाण्यास प्रस्तावना लिहावी, यापेक्षा दोन संगीतांचे साटेलोटे ते कोणते दाखवावयाचे?

अशा परदेशी मंडळींस त्या काळी दख्खनेत 'आफाकी' म्हणत आणि 'गरीब' असेही म्हणत. फारसी-अरबीत 'गरीब' म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला. आपण मराठीत त्याचा अर्थ निर्धन असा केला. विचार केला तर फारसे चुकले असेही नाही. घर सोडलेला मनुष्य कितीही मिळवो, एका अर्थी गरीबच. आम्ही हे बोललो तेव्हा पुतण्या काचेबाहेर पाहू लागला.

वाद्यांची नावे पाहावी तर हीच कथा. 'सतार' म्हणजे फारसी सेहतार, तीन तारांची. तिच्या दांडीवरील 'पडदे' हा शब्दही फारसी वादक त्याच अर्थी वापरतात. बोटांत घालावयाची नखी ती 'मिजराब'. 'सनई', 'नगारा', 'डफ', 'साज', 'शाहीर' ही सारी पश्चिमेकडून आलेली आणि आपल्या घरात इतकी रुळलेली पाहुणी की, त्यांस आता परत जा म्हणणे शक्य नाही. आपला तंबोरा आणि त्यांचा तंबूर यांचे नाते तुंबरूकडून लावावे की इराणाकडून, हा वाद शब्दपंडितांवर सोडू. एवढे खरे की, सनईवाचून मराठी लग्न नाही आणि डफावाचून पोवाडा नाही.

दुसऱ्या दिवशी, 31 जानेवारीस, सकाळीच अरणगाव गाठले. येथल्या स्थानाची हकीकत अशी. मेहेरबाबा यांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्यात 25 फेब्रुवारी 1894 रोजी. वडील इराणातील यझदजवळचे जरथुष्ट्री. तरुणपणी फकिरासारखे भटकत शेवटी हिंदुस्थानात आलेले. एकोणिसाव्या शतकात इराणातील जरथुष्ट्रींची स्थिती हलाखीची होती. त्यांच्यावरील जिझिया कर 1882 साली उठला, तो मुंबईच्या पारशी पुढाऱ्यांनी पाठविलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ खटपटीने. अशा दिवसांत जी कुटुंबे मुंबई-पुण्याकडे आली त्यांची चहाची दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या ब्रून-मस्क्याची चव आपल्या जिभेवर आहे, पण त्यांच्या लग्नात बायका कोणते गाणे म्हणत हे आपण कधी विचारले नाही. यझदकडील जरथुष्ट्री लग्नात 'अरबूने' नावाचे डफासारखे वाद्य वाजवितात आणि सारा मांडव 'शाबाश' म्हणून ओरडतो. तोच आपला 'शाबास'. आपण तो शाळेत पाठीवर थाप देण्यापुरता ठेवला, त्यांच्याकडे तो नवरानवरीस मिळतो.

मेरवान पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. त्यांस गाण्याचा विलक्षण नाद. हाफिज हा त्यांचा अत्यंत आवडता कवी, आणि स्वतःही ते 'हुमा' या टोपणनावाने गझला रचीत. पुढे पुण्याच्या हजरत बाबाजान यांची गाठ पडली, नंतर याच जिल्ह्यातील साकोरीस उपासनी महाराजांजवळ त्यांनी काही महिने काढले, आणि 1923 साली ते अरणगावच्या माळावर येऊन राहिले. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी मौन धरले. ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सुटले नाही. प्रथम अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत. 1954 साली फळीही सोडली आणि हातांच्या खुणा राहिल्या. त्यांच्या शिकवणीविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. आमचे लक्ष वेधले ते एका गोष्टीने. ज्याचा गळा गाता होता त्या मनुष्याने चौवेचाळीस वर्षे स्वतः गाणे सोडले आणि त्याच्याभोवती मात्र गाणे कधी थांबले नाही. कव्वाल येत, भजनी येत, अरणगावचे गावकरी येत. समाधीच्या वेळी वाजवावयास त्यांनी सांगून ठेवलेले गाणे तर 'बिगिन द बिगीन' ही अमेरिकन नाचाची तबकडी! शिराझ, यझद, पुणे आणि अमेरिका यांची अशी एके ठिकाणी गाठ दुसरीकडे पडल्याचे आम्हांस माहीत नाही.

हाफिजाची एक गोष्ट फिरिश्त्याने लिहून ठेविली आहे ती येथे आठवते. बहामनी सुलतानाने हाफिजास दख्खनेत बोलाविले, वाटखर्चही धाडला. कवी शिराझहून होर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावरही चढला. इतक्यात वादळ उठले आणि समुद्राची धास्ती घेऊन तो परत फिरला. कवी आला नाही. गझला मात्र आल्या, आणि सहाशे वर्षांनंतरही नगरच्या एका माळावर त्या म्हटल्या जात आहेत.

मेहेराबादचे दोन भाग आहेत. खालच्या भागात धुनी, जुनी घरे व कडुलिंबाची सावली. मधून दौंड-मनमाड लोहमार्ग गेला आहे. तो ओलांडून टेकडीवर गेले की समाधी. इमारत अगदी लहान. माथ्यावर चार धर्मांची चिन्हे, आणि आतल्या भिंती हेलन डाम या स्विस चित्रकर्त्रीने 1938 साली रंगविलेल्या. त्या दिवशी टेकडीवर हजारो माणसे होती. बाराचा सुमार झाला आणि सर्वांनी मौन धरले. पंधरा मिनिटे एवढ्या जमावात कोणी बोलत नाही. पलीकडच्या शेतातील पाखरांचा आवाज तेवढा येतो. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ मांडीवर मोठा थोरला डफ आडवा ठेवून बसले होते. वाऱ्याने त्याच्या आतल्या कड्या किंचित किणकिणत. ते तळहाताने त्या दाबून धरीत, जसे निजलेल्या मुलास थोपटावे. नातीची दृष्टी त्या हातावरून हलली नाही.

सायंकाळी खाली कडुलिंबापाशी तेच गृहस्थ भेटले. पोरीने धीर करून विचारले आणि बोलणे सुरू झाले. त्यांस इंग्रजी येई, आमच्या पुतण्याने दुभाष्याचे काम केले. ते मूळचे इराणातील कर्मानशाहकडचे कुर्द. चाळीसएक वर्षे जर्मनीत आहेत. बाबांचे अनुयायी नव्हेत. एका इराणी मित्रासोबत त्याचे स्थान पाहावयास आले होते.

कुर्द लोकांविषयी आमचे ज्ञान एवढेच होते की, सुलतान सलादीन हा त्यांच्यातला. त्यांचा मुलूख तुर्कस्थान, इराण, इराक व सीरिया या चार देशांत वाटला गेला आहे. तुर्कस्थानात तर कुर्दी भाषेतील छापणे व ध्वनिमुद्रणे यांवर 1991 पर्यंत कायद्याने बंदी होती. शिवान परवर हा त्यांचा प्रसिद्ध गायक 1976 साली देश सोडून जर्मनीत गेला, आणि त्याच्या कॅसेटी चोरवाटांनी गावोगाव फिरत राहिल्या. इराणात 1979 च्या क्रांतीनंतर संगीतावर अनेक निर्बंध आले. स्त्रियांनी पुरुष श्रोत्यांपुढे एकट्याने गाण्यास मनाई झाली. पुष्कळ कलावंत युरोप-अमेरिकेत गेले, काही परत आले, काही तेथेच राहिले. जे राहिले त्यांनी उपजीविकेस मिळेल तो उद्योग केला आणि शनिवार-रविवारी पोरे जमवून शिकविले. टोरोंटोतील आमच्या नातीचा वर्ग हा त्यातलाच एक.

इराणी अभिजात संगीताचा सारा संग्रह 'रदीफ' या नावाने ओळखला जातो. मिर्झा अब्दुल्ला (1843–1918) यांच्या परंपरेतून तो आज प्रमाण मानतात. शूर, हुमायून, माहूर, सेगाह, चहारगाह, नवा आणि रास्तपंजगाह हे सात दस्तगाह, आणि प्रत्येकात 'गुशे' म्हणजे लहान लहान स्वरवाक्यांच्या माळा. हे सारे शिष्याने प्रथम जसेच्या तसे मुखोद्गत करावयाचे, आणि मग वर्षांनी स्वतःचे काही म्हणावयाचे. शिकविण्याच्या या रीतीस ते 'सीना-ब-सीना' म्हणतात, छातीकडून छातीकडे. आपल्याकडील वेदपाठशाळेत संथा देण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे निराळे समजाविण्याचे कारण नाही. 2009 साली युनेस्कोने रदीफास मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. पण सन्मानपत्राने विद्या टिकत नाही, ती टिकते समोर बसलेल्या पोरामुळे.

कुर्दांची गोष्ट आणखी घरगुती आहे. कर्मानशाहकडील यारसान पंथात तंबूर हे पवित्र वाद्य. हाती घेताना त्यास ओठ लावतात. या वाद्याचे थोर साधक उस्ताद इलाही (1895–1974) हे व्यवसायाने न्यायाधीश होते व सार्वजनिक मैफली करीत नसत. वाजवीत ते घरात, जवळच्या मंडळींत. आमच्या पाहुण्यांच्या हातातील डफ मात्र सनंदजकडच्या दर्ग्यांतला. दर्वेशांच्या जिक्रात वाजणारा तो डफ गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सनंदजच्या कामकार कुटुंबासारख्यांनी मैफलीच्या व्यासपीठावर आणला. आपल्या शाहिराच्या डफाहून तो बराच मोठा, आणि लाकडी वेढ्याच्या आतून लोखंडी कड्या ओवलेल्या. दोन्ही हातांनी उभा धरून बोटांनी वाजवावयाचा. त्यांनी वाजविला तेव्हा प्रथम लांबवर पावसाची सर यावी तसा आवाज आला, आणि मग ती सर पत्र्यावर आली.

नातीने मांडीवर ठेका धरला. पाहुण्यांनी डफ तिच्या हाती दिला. ती वाजवू लागली तशी दोन-चार इराणी बाया जवळ सरकल्या, एक आजीबाई शाबाश म्हणाल्या. आमचा ऊर भरून आला हे लपवीत नाही. वाजवून झाल्यावर त्या गृहस्थांनी तिला एक साधा प्रश्न विचारला.

"आमचे चांगले वाजवतेस. आता तुमच्या घरचे काही म्हण."

पोर आमच्याकडे पाहू लागली. आम्ही पुतण्याकडे. पुतण्याने खाली पाहिले. मग आम्ही सर्वांनीच वहिनींकडे पाहिले. त्या पदर सावरून म्हणाल्या, "मला काय येतंय? जात्यावरच्या ओव्या त्या. पाहुण्यांपुढे कुणी म्हणतं का?"

हे भाषांतर करून सांगितले तेव्हा ते गृहस्थ हसले. म्हणाले की, माझ्या आईचीही सगळी गाणी ताकाची. आमच्याकडे कातड्याच्या पखालीत दही घालून ती टांगतात व झोके देऊन घुसळतात, आणि बायका त्या झोक्यावर गातात. ती गाणी मला पंचवीस येतात. आईला दोनशे येत होती. मी वेळेवर विचारले नाही.

"मग त्यांची आई नि मी एकाच कामातल्या की," वहिनी म्हणाल्या. पण गायल्या नाहीत.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. वहिनी लग्न होऊन आमच्या पुण्याच्या घरी आल्या तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. भाजणी, मेतकूट असले किरकोळ दळण तेव्हा घरीच जात्यावर होई. पहाटे वहिनी दळीत आणि गात. एके दिवशी आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणालो, "वहिनी, अभ्यास होत नाही. आणि गायचंच तर रेडिओवर लागतं तसं तरी म्हणा." वहिनी हसल्या. त्यांनी राग धरला नाही, पण गाणे मात्र त्या दिवसापासून बंद झाले. आम्ही परीक्षा उत्तीर्ण झालो. पुढे जातेही माळ्यावर गेले. साठ वर्षांत हा प्रसंग आम्हांस एकदाही आठवला नव्हता. अरणगावच्या कडुलिंबाखाली तो आठवला. तुर्कस्थानात कुर्दी गाणे बंद करावयास कायदा करावा लागला. आमच्या घरी तेच काम एका शाळकरी पोराच्या एका वाक्याने झाले.

मुक्काम नगरात एका आप्तांच्या वाड्यात होता. रात्री जेवणे झाल्यावर वहिनी नातीस जवळ घेऊन बसल्या होत्या. आम्ही बाहेरच्या ओसरीवर. दिवा मालविल्यावर आतून आवाज आला. प्रथम वाटले कोणी कुजबुजत आहे. मग ओळखले. गळा थकलेला, श्वास मध्येच तुटे, पण चाल सरळ चालली होती आणि तिच्याखाली नातीची बोटे गादीवर हलका ठेका धरीत होती. कर्मानशाहचा ठेका आणि शेवगावची ओवी! कोठे बसतो, कोठे सुटतो, पुन्हा धरतो. एक ओवी भावाची झाली, एक पंढरीच्या वाटेची, एक सासरच्या विहिरीची. चौथीस वहिनी दोन चरण म्हणून थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा तेथेच थांबल्या.

"पुढचं?" नातीने विचारले.

"गेलं," वहिनी म्हणाल्या. "ताईला येत होतं." ताई म्हणजे त्यांची वडील बहीण, ती सहा वर्षांपूर्वी वारली.

आम्ही आत गेलो नाही. आत जाऊन काय सांगणार होतो?

पुण्यास परतल्यावर पुतण्याने सुट्टीचे उरलेले चार दिवस कोठे जाणे-येणे केले नाही. वहिनी म्हणत, तो ध्वनिमुद्रण करी, आणि नात वहीत देवनागरीत उतरवून घेई. तिच्या ऱ्हस्वदीर्घांवर आम्ही एकदाही बोट ठेविले नाही. एकेचाळीस ओव्यांचे गुच्छ मिळाले. त्यांतील दोन अपुरे आहेत. अपुऱ्या जागी नातीने ओळ आखून ती कोरी सोडली आहे. तेथे आम्ही काही सुचवावे असे पुतण्याने म्हटले, तेव्हा वहिनींनीच नको म्हणून सांगितले. "नाही ते नाही. कोरंच असू दे. कुणाला ठाऊक असलं तर भरेल."

केहान कल्होर या कुर्दी घराण्यातील कमांचेवादकाने आपल्या शुजात हुसेन खाँ यांच्या सतारीबरोबर 'गझल' या नावाने कित्येक वर्षे जगभर जोडवादन केले. त्यांची तबकडी आम्ही नातीच्या सांगण्यावरून हल्लीच ऐकली. दोन वादक एकमेकांचे वाक्य थांबून ऐकून घेतात आणि मगच उत्तर देतात, हे फार आवडले. अशी मोठी माणसे आपापली विद्या जगापुढे नेतील, ती काळजी आपल्याला नको. परंतु घरची गाणी कोणी मोठा वादक नेणार नाही. ती ज्या घरात आहेत त्याच घराने ठेवावयाची असतात.

आमच्या वाचकांची बहुतेक घरे आज दोन-तीन देशांत वाटली गेलेली आहेत. एकत्र कुटुंब हा शब्द उरला आहे, आणि एकत्र येणे गणपतीस किंवा उन्हाळ्यात होते. अशा वेळी फराळ, फोटो, खरेदी ही सारी होतात. त्याबरोबर घरातील सर्वांत वडील बाईस एकदा विचारून पाहावे की, तुमच्या आई दळताना, मूल निजविताना, मंगळागौरीस काय म्हणत? प्रथम उत्तर येईल, "मला काय येतंय?" तेव्हा उठून जाऊ नये. चाळीस वर्षे परमुलखात राहूनही त्या कुर्दी गृहस्थांस पंचवीस गाणी येतात. आम्ही जन्मभर एकाच छपराखाली राहिलो आणि आम्हांस एकही येत नव्हते. तेव्हा 'गरीब' या शब्दाचा कोणता अर्थ कोणास लागू पडतो, हे वाचकांनीच ठरवावे.

नात परत गेली. तिने पत्राने कळविले आहे की, शनिवारच्या वर्गात तिने शेवगावची विहिरीची ओवी डफावर म्हणून दाखविली व ती आता तेथल्या इराणी मुलांनाही येते. वहिनींनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. नंतर म्हणाल्या, "चाल तेवढी नीट म्हणते आहे का, ते विचारा."